सुतळीने मापलेलं घर

भावोजींनी उजवीकडे सांगितलं की डावीकडे वळायचं, हे आमच्या ताईच्या कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. पत्ता विचारायला आलेला नवा माणूस त्यांच्या तावडीत सापडला की त्याचा कॉलनीभर एक फेरफटका ठरलेला. कुणी चिडवलं तर ते आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघायचे आणि म्हणायचे, "तुमच्या बाजूने चुकलं असेल. माझ्या बाजूने बरोबर होतं."

ते ठसे कोरायचे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षापासून. खोक्यावर कंपनीचं नाव, वरची बाजू दाखवणारा बाण, 'ओलाव्यापासून जपा', काचेच्या मालासाठी पेल्याचं चित्र, हे सगळं रबराच्या जाड तुकड्यावर सुरीने हाताने कोरायचं. ठशावर उलटं असेल तर खोक्यावर सुलट उमटणार. त्यांच्या वस्तादाने पहिला महिनाभर त्यांना सुरीला हातच लावू दिला नव्हता. डाव्या हाताने बटणं लाव, डाव्या हाताने कंगवा फिरव, डाव्या हाताने कुलूप उघड, आणि उलटं वाटायचं थांबलं की ये, असं सांगून घरी पाठवलं होतं. भावोजींचं उलटं वाटायचं जे थांबलं, ते कायमचंच. समोरचा माणूस पेपर वाचत असला तर ते उजेडात दिसणाऱ्या मागच्या बाजूने बातमी वाचून टाकायचे. रुग्णवाहिकेच्या तोंडावर उलटी अक्षरं का लिहितात, असा विषय एकदा निघाला, तेव्हा भावोजींनी विचारलं, "उलटी असतात का?"

आम्ही पोट धरून हसलो होतो. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिची नजर लहानपणापासून अधू, आणि चाळिशीनंतर ती विझतच गेली. शेवटी फक्त उजेड आणि अंधार उरला. खिडकी कुठे आहे हे तिला कळायचं, खिडकीत कोण उभं आहे हे कळायचं नाही. पण कंपनीच्या त्या क्वार्टरमध्ये ती एकोणतीस वर्षं राहिली होती, आणि घरी आलेल्या पाहुण्याला तिला दिसत नाही हे समजायला अर्धा तास लागायचा. दारातून आत आलं की पुढची खोली, तिथे उजव्या हाताने भिंत धरून सहा पावलं, की स्वयंपाकघर. त्याच्यासमोर, डावीकडे, झोपायची खोली. मधून एक बोळ सरळ मागे जायचा. बोळाच्या टोकाला उजवीकडे न्हाणीघर आणि डावीकडे मागचं दार, त्याच्याखाली तीन पायऱ्या आणि मग अंगण. एवढंच घर. त्यात ती वाऱ्यासारखी फिरायची. दूध उतू जायच्या क्षणभर आधी उठायची. भावोजींच्या हातातली सुरी बोथट झालीय हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

एकदा ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. माझी बायको काही कमी करत नव्हती. पाणी हातात, चहा हातात, कुठे जायचं तर हाताला धरून. ताई खिडकीजवळच्या एका खुर्चीत बसून होती. नवव्या दिवशी मला म्हणाली, "धाकट्या, मला घरी सोड. इथे मी सामान झालेय."

तर, एका मंगळवारी कारखान्यात नोटीस लागली. कारखाना दोनशे किलोमीटरवरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत जाणार, ही कुजबुज वर्षभर होती; पण मालकांनी शेवटी जे कळवलं ते सहा दिवस आधी. सोमवारी सकाळी आठला नव्या जागी जो हजर असेल त्याची नोकरी चालू, बाकीच्यांना रामराम. क्वार्टर रविवारी संध्याकाळपर्यंत रिकामं करायचं. नव्या जागी क्वार्टर नाहीत, ज्याने त्याने आपलं बघावं. भावोजींना निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. छप्पन्नाव्या वर्षी हाताने ठसे कोरणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतो?

मी लगेच धावून गेलो आणि माझ्या मते रामबाण तोडगा काढला. भावोजींनी तिकडे एखाद्या खानावळीजवळ खाट बघावी आणि ताईने माझ्याकडे यावं. बायकोने मागची खोली रिकामी करून ठेवली होती. खुर्चीसुद्धा हलवली होती. मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होतो आणि ताई ऐकत होती. माझं संपल्यावर तिने भावोजींना सुतळीचं बंडल मागितलं.

मग तिने घर मापलं. दाराच्या चौकटीला सुतळीचं टोक धरायला मला बसवलं आणि स्वतः भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत गेली, तिथे एक गाठ मारली. तिथून ओट्यापर्यंत दुसरी. पुढच्या खोलीपासून बोळाच्या टोकापर्यंत तिसरी. खाटेपासून न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत चौथी. गाठी मारताना तिचा चेहरा अगदी शांत होता. सुतळीची गुंडाळी करून तिने ती भावोजींच्या हातात दिली.

"असं घर बघा," ती म्हणाली. "भिंती कशाही असू देत, रंग कसलाही असू दे. गाठी जुळल्या की मी दोन दिवसांत उभी राहीन. नाही मिळालं शनिवारपर्यंत, तर मी जाते धाकट्याकडे. कुरकुर करणार नाही."

 भावोजींनी गुंडाळी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. पुढचे तीन दिवस, मापायची वेळ सोडली तर, ती तिथेच होती.

मी तेव्हा पाणीपुरवठा खात्यात कारकून होतो. तीन दिवसांची रजा टाकून त्यांच्याबरोबर निघालो. मला वाटलं होतं, एका दिवसात घर ठरेल आणि उरलेल्या दोन दिवसांत मी आराम करीन. माझा स्वभाव असा की मला भाजी घ्यायलासुद्धा दुसऱ्या दुकानात जायला आवडत नाही. आणि गाठ पडली ती भावोजींशी.

गुरुवारी एजंटने सात घरं दाखवली. एजंट म्हणजे मोटरसायकलवरचा एक गुळगुळीत माणूस, प्रत्येक घराचं दार उघडण्याआधी "साहेब, हे बघितल्यावर तुम्ही दुसरं बघणार नाही," असं म्हणणारा. पहिल्या घरी तो आम्हाला खिडकीतला देखावा दाखवत होता आणि आम्ही दोघे जमिनीवर गुडघे टेकून सुतळी पसरत होतो. त्याने विचारलं, "सर्व्हेवाले आहात का?" भावोजींनी त्याला खरं ते सांगितलं. त्यानंतर तो देखावे दाखवायचा थांबला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

एका घरात स्वयंपाकघर पायरीभर वर होतं. एकात बोळच नव्हता, एकातून एक अशा खोल्या. एक तिसऱ्या मजल्यावर, नवंकोरं, चकचकीत. तिथे सुतळी जवळपास जुळली, पण फरशी इतकी गुळगुळीत की भावोजींनी चप्पल काढून पाय घासून बघितला आणि मान हलवली. मी म्हणालो, "सतरंजी टाकता येईल." ते म्हणाले, "सतरंजी सरकते, मेहुणे." 

शुक्रवारी सकाळी एक घर खरंच चांगलं मिळालं. तळमजला, गाठी वीतभर इकडेतिकडे. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची. तिने चहा दिला, माणसं किती म्हणून विचारलं, दोनच आहेत म्हटल्यावर खूष झाली. बोलता बोलता भावोजींनी ताईबद्दल सांगितलं.  बाई म्हणाल्या, "दिवसा घरात त्या एकट्याच असणार?"

"हो."

"आणि गॅस?"

"तीच करते सगळं. एकोणतीस वर्षांत कधी चटका लागला नाही."

"तुमचं खरं असेल हो. पण वर माझी नातवंडं झोपतात." बाईंनी आमच्या हातातले कप घेतले. "वाईट वाटून घेऊ नका."

रस्त्यावर आल्यावर मी भावोजींवर तोंड सोडलं. सांगायची काय गरज होती? राहायला आल्यावर कळलं असतं तर कळलं असतं. ताईला बघून कुणाला संशयसुद्धा येत नाही. ते खाली मान घालून चालत होते. शेवटी म्हणाले, "मग तिला त्या घरात लपून राहावं लागलं असतं. दिसतंय असं दाखवत."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

दुपारी आणखी चार. संध्याकाळी लाकडाच्या वखारीमागे एक घर निघालं, ज्याच्या चारही गाठी जुळल्या. एजंटने तर टाळीच वाजवली. भावोजी मधल्या खोलीत डोळे मिटून उभे राहिले. वखारीतलं करवतीचं यंत्र सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "नको. इथे तिला काहीच ऐकू येणार नाही. दूध, नळ, दारावर कोण आलं, काहीच."

तेव्हा माझा तोल गेला. मी एजंटसमोरच म्हणालो, "भावोजी, तुम्हाला घर शोधायचंय की कारणं? उद्या शनिवार आहे. तुम्ही असेच घरं नाकारत बसा, म्हणजे ताई माझ्या मागच्या खोलीत बसेल. तुमच्या नखऱ्यांमुळे बसेल."

ते एकटक माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. "मला भीती वाटते, मेहुणे," ते म्हणाले. "तुमच्या घरी ती आठ दिवस राहून आली ना, त्यानंतर महिनाभर घरातसुद्धा चाचपडत होती. पुन्हा तसं झालं तर तिला परत आणायला मला जमणार नाही."

त्या रात्री लॉजवर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला, माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली असताना, एजंटने आम्हाला एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे नेलं. बैठं घर, जोडीला जोड असं. एका अर्ध्यात पोस्टमास्तर एकटे राहायचे, दुसरा अर्धा रिकामा. गल्ली शांत. फरशी खरबरीत. भावोजींनी दारातच सगळं सांगून टाकलं, सुतळीसकट.  पोस्टमास्तरांनी फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर ठेवलेल्या कुंड्या एकेक करून उचलल्या आणि भिंतीकडेला नेऊन ठेवल्या. मग किल्ली दिली.

मी दाराच्या चौकटीशी सुतळी धरून बसलो. भावोजी सोडत गेले. पहिली गाठ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. दुसरी ओट्याच्या कडेला. तिसरी बोळाच्या टोकाला.  चौथी गाठ न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अशी बसली, की जणू सुतळी त्याच घरात मापली होती. ते तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. भावोजींना असं हसताना मी ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघत होतो.

ते पोस्टमास्तरांशी बोलत असताना मी हात धुवायला निघालो. ताईच्या घरी मी हजार वेळा हात धुतलेत. बोळातून सरळ गेलो, टोकाला उजवीकडे वळलो, कडी काढून दार लोटलं, पाय टाकला आणि पुढे जमीनच नव्हती. कसाबसा चौकटीला धरून सावरलो. खाली तीन पायऱ्या आणि अंगण.

मी तिथे उभा राहून मागे वळून बघितलं. दारातून आत येताना स्वयंपाकघर डावीकडे. झोपायची खोली उजवीकडे. न्हाणीघर डावीकडे. सगळं तेच, तेवढंच, आणि सगळं उलटं. जोडघराचा हा दुसरा अर्धा होता. ताईच्या घराला आरशात धरावं तसा. सुतळीला कुठे डावं-उजवं असतं? ती लांबी सांगते, बाजू सांगत नाही. आणि भावोजींच्या डोळ्यांना तर हेच घर बरोबर दिसणार.

खोटं कशाला बोलू? मला तेव्हाच, त्या पायरीवर, सगळं कळलं होतं. घड्याळात पावणेपाच झाले होते. परतीची शेवटची बस साडेपाचला होती. मी बोललो असतो तर भावोजींनी किल्ली परत केली असती आणि आम्ही पुन्हा मोटरसायकलच्या मागे धावत सुटलो असतो. माझे पाय दुखत होते. मला घरी जायचं होतं. मी मनाशी म्हटलं, चार दिवस अडखळेल, मग होईल सवय. माझ्याकडे येऊन बसण्यापेक्षा बरं. मी डावीकडच्या न्हाणीघरात जाऊन हात धुतले आणि मूग गिळून बाहेर आलो.

बसमध्ये भावोजींनी पिशवीतून रबराचा तुकडा काढला आणि मांडीवर ठेवून कोरायला घेतला. नव्या घराचा नकाशा. ताईने तो बोटांनी आधीच वाचून ठेवावा, म्हणजे घरात शिरताना ते तिला ओळखीचं होईल. गाडी आदळत होती, पण त्यांची सुरी हलत नव्हती. भिंती उंच ठेवलेल्या, दारांच्या जागी खाचा, मागच्या पायऱ्यांसाठी तीन बारीक रेघा. चार तासांत झालं.

रविवारी सकाळी ट्रकमध्ये सामान चढत असताना ताई उघड्या खाटेवर बसून तो तुकडा चाचपत होती. "दार," ती म्हणाली. "उजव्या हाताला भिंत, स्वयंपाकघर. डावीकडे खोली. बोळ. टोकाला उजवीकडे न्हाणीघर..." तिची बोटं पुन्हा एकदा सगळीकडून फिरली. "अहो, हे तर आपलंच घर."

भावोजींचा चेहरा उजळला. मी मात्र थिजलो. त्या माणसाचा हात चौतीस वर्षांच्या सवयीने उलटा चालला होता. उलट्या घराचा उलटा ठसा, म्हणजे ताईच्या हातात जुनंच घर. आता तरी बोलायला हवं होतं. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, क्वार्टरची किल्ली घ्यायला कंपनीचा माणूस दारात उभा होता, आणि ताई हसत होती. मी तिची बॅग उचलून ट्रकमध्ये ठेवली.

पुढचं मला भावोजींनी सांगितलं. संध्याकाळी पोचले तेव्हा पुढची खोली सामानाने भरली होती. ढिगातून वाट काढत त्यांनी ताईला हाताला धरून आत नेलं आणि तिथेच मधे अंथरूण घातलं. ती प्रवासाने थकली होती. झोपताना म्हणाली, वारा चुकीच्या बाजूने येतोय. ते म्हणाले, नवं गाव आहे, वारा नवा असेल. सकाळी सहाला ती उठली. भावोजींना उठवलं नाही. आज तिला स्वतः पाणी तापवून, चहा करून त्यांना हाक मारायची होती, नव्या कामावर पहिल्या दिवशी वेळेवर पाठवायचं होतं. ती बोळातून सरळ गेली, कुठे अडखळली नाही, टोकाला उजवीकडे वळली. सामान आणताना हमालांनी मागच्या दाराची कडी काढली होती, ती कुणी लावली नव्हती.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. कपाळाला पाच टाके.

मी मंगळवारी पोचलो. भावोजी पुढच्या खोलीत खोक्यांच्या मधे बसले होते. सोमवारी ते चार तास उशिरा कामावर गेले होते. मॅनेजरने नाव लिहून घेतलं, पण ठेवलं. त्यांच्यासमोर तो रबरी तुकडा होता, शाईचं पॅड होतं आणि एक कागद. कागदावर नकाशा उमटवलेला. आम्ही बसलो होतो ते घर, हुबेहूब. कागदावर बरोबर, म्हणजे तिच्या बोटांखाली उलटं.

"ठसा मारून बघायला हवा होता," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत ठसा मारून बघितल्याशिवाय एक काम हातातून सोडलं नाही. साध्या बाणाचासुद्धा नाही. हे घरचं काम होतं, म्हणून सोडलं." त्यांनी शाईच्या पॅडचं झाकण लावलं. "मेहुणे, मी तिला माझ्या हाताने त्या दारात पाठवलं."

आणि मी काय बोललो? "जाऊ द्या भावोजी, होतं असं कधी कधी." एवढंच बोललो. तोंडात दुसरं वाक्य होतं, तो घोट मी गिळला. गिळायचा सराव झाला होता.

मी ताईला न्यायला आलो होतो. भावोजी तयार होते. ते तर नोकरी सोडायला तयार होते. ताई गळ्यात हात बांधून भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "प्लास्टर सहा आठवड्यांचं आहे. तेवढे दिवस द्या मला. तोवर हा हात कामाचा नाहीच. डाव्याच हाताने भिंत धरायची आहे, आणि इथे भिंत डावीकडेच आहे." मग भावोजींकडे तोंड वळवून म्हणाली, "अहो, तुमच्या वस्तादाने तुम्हाला कसं शिकवलं होतं?"

तिने ते सहा आठवडे कसे काढले ते मी बघितलं नाही. डाव्या हाताने बटणं, डाव्या हाताने कंगवा, डाव्या हाताने कुलूप. भावोजी कामावरून आल्यावर तिच्या पुढे उलटे चालायचे आणि ती त्यांच्या आवाजामागे यायची. सातव्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तिने मला चहा करून दिला. कप डाव्या हातात होता.

चार वर्षं पुरी करून भावोजी निवृत्त झाले. त्याच घरात राहिले. पुढच्या वर्षी एका दुपारी, पेपर वाचता वाचता, खुर्चीतच गेले. जाताना कुणाला त्रास दिला नाही, असं लोक म्हणतात. मलाही तेच वाटलं होतं.

महिन्याभराने मी पुन्हा ताईला न्यायला गेलो. या वेळी खरंच काळजीने गेलो होतो. ती म्हणाली, "बस, चहा टाकते." चहा झाल्यावर तिने कपाटाचा खालचा खण ओढला आणि मला म्हणाली, "हे बघ. त्यांच्या वस्तूंत सापडलं. मला वाटलं होतं त्यांनी टाकून दिले."

खणात रबराचे तुकडे होते. मी मोजले, अकरा होते.

"मी पडले ना, त्यानंतर त्यांना मला बरोबर नकाशा करून द्यायचा होता," ती म्हणाली. "म्हणजे सुलट कोरायचं. रोज संध्याकाळी बसायचे. मी बोटं फिरवायची आणि सांगायची, हे जुनं घर झालं. मग दुसरा तुकडा घ्यायचे. सुरुवात बरोबर करायचे, पण मधेच हात वळायचा. कधी कधी रडायचे. बारावा जमला. तो माझ्या उशाशी आहे."

मी एकेक तुकडा हातात घेऊन बघत होतो. काहींत अर्धं घर एका बाजूचं आणि अर्धं दुसऱ्या. एकात स्वयंपाकघर दोन्हीकडे. छप्पन्न वर्षांचा माणूस आपल्या हाताशी भांडत होता, आणि तो हात जिंकत होता.

तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पायरी, पावणेपाच, शेवटची बस, माझे दुखणारे पाय, आणि रविवारी सकाळी तिच्या हातातला ठसा बघून मी काय गिळलं ते. ताई हलली नाही. तिच्या डोळ्यांत काही दिसत नाही, त्यामुळे माणसाला धीर येत नाही आणि भीतीही जात नाही.

"मला सांगितलं नाहीस, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "हाड जुळलं. पण त्यांना सांगायला हवं होतंस रे, धाकट्या. पाच वर्षं रोज रात्री झोपायच्या आधी ते माझं हे मनगट हातात धरून बसायचे. मी म्हणायचे, आता दुखत नाही. ते म्हणायचे, मला दिसायला हवं होतं. तू एकदा म्हणाला असतास, मी बघितलं होतं आणि गप्प बसलो, तर त्यांना जरा झोप लागली असती."

मी मान खाली घालून बसलो. तिने माझ्या हातातला तुकडा घेतला, खणात ठेवला आणि खण बंद केला. माझ्याकडे येण्याबद्दल मी पुन्हा काही बोललो नाही. ते विचारण्याचं तोंड मला राहिलं नव्हतं.

बसची वेळ झाली. निघण्याआधी तोंडावर पाणी मारावं म्हणून मी उठलो. डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. बोळाच्या टोकाला पोचलो आणि जुन्या सवयीने वळलो.

"तिकडे पायऱ्या आहेत," ताई पुढच्या खोलीतून म्हणाली. "डावीकडे ये."

ती कपबशा उचलत होती. तिने फक्त माझी पावलं ऐकली होती.